मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकू नका
पक्ष्यांचा फ्ल्यू कुत्र्यात कसा शिरतो आणि आपण काय काळजी घ्यावी



सकाळी खुराडे उघडले आणि एखादी कोंबडी मेलेली दिसली, तर आपण काय करतो? बहुतेक घरी उत्तर एकच. पाय धरून उचलायची आणि उकिरड्यावर भिरकावायची. पुढचे काम कुत्री आणि कावळे करतात. दुपारपर्यंत पिसांशिवाय काही उरत नाही. आपल्यालाही वाटते, बरे झाले, खड्डा खणायचे कष्ट वाचले.

पण ती कोंबडी बर्ड फ्ल्यूने मेली असेल, तर त्या एका फेकण्याने रोगाला खुराड्याबाहेरची वाट मिळते. कुत्रा ती खातो, तोंडात धरून दुसऱ्याच्या वाड्यात नेतो, आणि कधी कधी स्वतःच आजारी पडतो. पक्ष्यांचा रोग कुत्र्याला कसा होईल, असे कोणाला वाटेल. पण तसे घडलेले आहे, आणि एकदा नव्हे तर अनेकदा. ते कसे घडते आणि आपल्या हाती काय आहे, हे रेडिओवर ऐकलेले पुन्हा निवांत वाचता यावे म्हणून हे पत्रक.

रोग मुळात पाणपक्ष्यांचा

बर्ड फ्ल्यू हा इन्फ्ल्यूएंझा नावाच्या विषाणूमुळे होतो. आपल्याला सर्दी, ताप, अंगदुखी आणणारा फ्ल्यू याच घराण्यातला. या घराण्याचे मूळ घर म्हणजे रानबदके व इतर पाणपक्षी. त्यांच्या आतड्यात विषाणू वाढतो आणि विष्ठेवाटे पाण्यात पडतो. बदकाला पुष्कळदा त्याचा काही त्रासही होत नाही. तेच पाणी, तोच चिखल कोंबड्यांपर्यंत पोहोचला की मात्र काही जातींचे विषाणू खुराडेच्या खुराडे रिकामे करतात.

या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाला एच म्हणतात, दुसऱ्याला एन. एच काट्याने विषाणू शरीरातील पेशीला चिकटतो. एन काट्याने पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटे होतात. या काट्यांचे अनेक प्रकार आहेत, त्यांना क्रमांक दिले आहेत. त्यावरून एच५एन१, एच३एन२ अशी नावे पडली. बियाण्यांच्या वाणांना नंबर असतात ना, तसेच हे समजा. एच५एन१ हा कोंबड्यांना घातक असलेला बर्ड फ्ल्यू. एच३एन२ या नावाचे विषाणू पक्ष्यांत आहेत, माणसांत आहेत, आणि आता कुत्र्यांतही आहेत.

कुलूप आणि किल्ली

आता तुम्ही म्हणाल, कोंबडीचा रोग म्हशीला होत नाही, म्हशीचा कोंबडीला होत नाही, मग हाच कसा उडी मारतो? त्याचे उत्तर कुलूप-किल्लीत आहे. प्रत्येक पेशीच्या अंगावर विशिष्ट घडणीची टोके असतात. ती झाली कुलपे. विषाणूचा एच काटा ही किल्ली. किल्ली बसली तर दार उघडते, नाही तर विषाणू बाहेरच राहतो.

माणसाच्या नाका-घशातील कुलपे पक्ष्यांच्या कुलपांहून वेगळ्या घडणीची असतात. पक्ष्यांसारखी कुलपे आपल्यात आहेत, पण ती मुख्यतः खोल फुप्फुसात. म्हणून बर्ड फ्ल्यू माणसाला सहजासहजी होत नाही. झाला तर मात्र भारी पडतो. कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या श्वासनलिकेत पक्ष्यांच्या घडणीची कुलपे पुष्कळ आहेत. त्यामुळे पक्ष्यांतून आलेल्या विषाणूची किल्ली तिथे बसू शकते.

पण दार उघडले म्हणजे घर मिळाले असे नाही. कोंबडीचे अंग माणसाच्या मानाने गरम, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. तिथे वाढलेल्या विषाणूला कुत्र्याचे थोडे थंड शरीर लगेच मानवत नाही. शिवाय एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी त्याला खोकल्या-शिंकेवाटे भरपूर संख्येने बाहेर पडता आले पाहिजे. बहुतेक विषाणू इथेच अडतात. म्हणजे काही विषाणू पाहुणे म्हणून येतात, एका जनावराला त्रास देतात आणि तिथेच संपतात. एखादा मात्र बिऱ्हाड करतो. दोन्ही प्रकारांची खरी उदाहरणे पाहू.

पाहुणा म्हणून आलेला: थायलंड, २००४

२००४ साली थायलंडमध्ये एच५एन१ ची मोठी साथ होती. तिथल्या सुफानबुरी प्रांतात भातखाचरांत बदके पाळतात. ऑक्टोबर महिन्यात तिथे एका वर्षभराच्या कुत्र्याने साथीच्या भागातील मेलेली बदके खाल्ली. पाच दिवसांनी त्याला जोराचा ताप भरला, धाप लागली, तो मलूल झाला आणि दुसऱ्या दिवशी मेला. तपासणीत त्याच्या शरीरात एच५एन१ सापडला. कुत्र्याने बदक खाल्ले आणि बदकाचा रोग त्याला झाला, इतकी ही सरळ गोष्ट.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी मध्य थायलंडमधील ६२९ गावकुत्र्यांचे रक्त तपासले. त्यांपैकी १६० कुत्र्यांच्या रक्तात या विषाणूशी शरीराने झुंज दिल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे चारातल्या एका कुत्र्याला विषाणू गाठून गेला होता, आणि मालकाला पत्ताही नव्हता. यातून घ्यायचा धडा असा की, कुत्रा धडधाकट दिसतो म्हणून तो रोगापासून दूरच राहिला असे समजू नये.

त्याच महिन्यात त्याच देशातील श्रीराचा येथील व्याघ्र-उद्यानात वाघांना कोंबड्यांचे कच्चे मांस दिले जात होते. तिथे एच५एन१ शिरला. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. अलीकडे, २०२३ च्या एप्रिलमध्ये, कॅनडातील ओंटारियो प्रांतात एका पाळीव कुत्र्याने मेलेला रानहंस चघळला, आणि तोही एच५एन१ ने दगावला. देश वेगळे, हवा वेगळी, पण वाट एकच: तोंडाची.

बिऱ्हाड केलेला: दक्षिण कोरिया, २००७

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. २००७ साली दक्षिण कोरियातील पशुदवाखान्यांत खोकला, ताप आणि शेंबूड असलेली कुत्री येऊ लागली. काही मेली. तपासात एच३एन२ विषाणू निघाला, आणि त्याचे सगळे आनुवंशिक तुकडे पक्ष्यांच्या विषाणूंशी जुळले. तिथल्या काही पालनकेंद्रांत कुत्र्यांना कोंबडी-बदकांची आतडी आणि डोकी कच्चीच घातली जात. रोग त्याच वाटेने आला असावा, असा शास्त्रज्ञांचा संशय आहे.

हा विषाणू मात्र पाहुणा राहिला नाही. तो कुत्र्यातून कुत्र्यात जाऊ लागला. त्याला कोंबडीची गरजच उरली नाही. चीनमध्ये तो होताच, पुढे २०१२ साली थायलंडमध्ये सापडला, आणि २०१५ साली अमेरिकेतील शिकागो शहराच्या परिसरात त्याने हजाराहून अधिक कुत्र्यांना गाठले. हा विषाणू मांजरांनाही झाल्याची नोंद आहे. यात बरीचशी कुत्री दोन-तीन आठवड्यांत बरी होतात. थोडी न्यूमोनिया होऊन दगावतात.

संकराचा धोका

तुम्ही म्हणाल, कुत्र्याचा खोकला कुत्र्याजवळ, आपल्याला काय त्याचे? तर ऐका. या विषाणूचे वंशगुण आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगवेगळे फ्ल्यूचे विषाणू एकाच वेळी एकाच जनावरात शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. शेजारी-शेजारी दोन वाणांचा मका लावला की पराग मिसळतो आणि कणसात भलतेच दाणे भरतात, तसेच. कुत्र्याला पक्ष्यांचा फ्ल्यू होऊ शकतो, घोड्यांचा होऊ शकतो (अमेरिकेत २००४ साली शर्यतीच्या कुत्र्यांत तो आढळला), आणि माणसाचाही होऊ शकतो. दक्षिण कोरियात तर कुत्र्याचा एच३एन२ आणि माणसांतील २००९ च्या साथीचा फ्ल्यू यांचा संकर झालेला विषाणू कुत्र्यात सापडलासुद्धा.

घाबरून जाण्यासारखे यात आज काही नाही. कुत्र्यांमधील एच३एन२ माणसाला झाल्याची नोंद नाही. पण कुत्रा हा आपल्या ओसरीवर निजणारा, पोराबाळांच्या अंगाशी खेळणारा प्राणी. उकिरडा आणि ओसरी यांच्यामध्ये दिवसातून दहा फेऱ्या घालणारा दुसरा प्राणी आपल्या घरी नाही. म्हणून या दुव्यावर लक्ष ठेवायचे.

आपल्या मुलखात काय घडले

भारतात बर्ड फ्ल्यू प्रथम आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. आधी तो राणीखेत, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो, तो रोग वाटला. खात्री होऊन कारवाई सुरू झाली तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या याच रोगाने मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले, त्यांच्यातही बर्ड फ्ल्यू निघाला.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन१ निघाला. पिंजऱ्यातले वाघ शिकारीला जात नाहीत. विषाणू खाद्याच्या मांसातून आला असावा असा संशय होता. वाघासारख्या बलदंड प्राण्याची ही गत, तर उकिरड्यावर पोट भरणाऱ्या कुत्र्याची काय कथा?

कसे ओळखाल?

कोंबड्यांत: एकाएकी मर लागणे, तुरा व गलोल सुजून निळसर-जांभळे पडणे, डोके सुजणे, पायांच्या नळ्यांवर लाल चट्टे, अंडी अचानक कमी होणे किंवा पातळ कवचाची येणे. कधी कधी एकही लक्षण न दिसता कोंबड्या पटापट मरतात. मानमोडीतही यातली काही लक्षणे असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो.

कुत्र्यात: मेलेला पक्षी खाल्ल्यावर आठवडा-दहा दिवसांत जोराचा ताप, धाप, नाकातून पाणी किंवा रक्तमिश्रित स्राव, मलूलपणा, अन्न सोडणे, क्वचित झटके. कुत्र्याचा खोकला दुसऱ्या कारणांनीही येतो, म्हणून खोकणारे प्रत्येक कुत्रे बर्ड फ्ल्यूचे असे धरू नका. पण आसपास कोंबड्या किंवा कावळे मेले असतील आणि मागोमाग कुत्रा आजारी पडला, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. कोंबड्यांचे सांगितले नाही, तर त्यांना तरी संशय कसा यावा?

काय करावे?

१. एखाद-दुसरी कोंबडी मेली तर उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाका-तोंडाला फडके बांधा. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब सुमारे तीन फूट खोल खड्डा घ्या. खाली चुना, वर चुना टाकून माती दाबा. वर बाभळीच्या काट्या आणि दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मग हात साबणाने स्वच्छ धुवा.

२. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या तर पुरण्याची घाई करू नका. त्या डालग्याखाली किंवा पत्र्याखाली झाका, वर वजन ठेवा, आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने घेणे त्यांचे काम आहे. तुम्ही कोंबडी चिरून पाहू नका.

३. तेवढा वेळ कुत्री आणि मांजरे बांधून किंवा कोंडून ठेवा. मोकाट कुत्र्यांसाठी पोरांना राखणीला बसवू नका, थोरांनी बसावे. पोरांना तिथून लांबच ठेवा.

४. कुत्र्याला कोंबडीची आतडी, डोकी, पाय कच्चे घालू नका. घालायचेच तर आतपर्यंत शिजवून घाला. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो, आपली उकळी त्याहून गरम असते. आजारी कोंबडीचे मात्र शिजवूनही घालू नका, कारण खरा धोका ती कापताना आणि साफ करताना असतो.

५. तळ्याकाठी, पाझर तलावाकाठी मेलेली बदके, बगळे किंवा शेतात मेलेले कावळे दिसले तर कुत्र्याला आवरा आणि कळवा.

६. आजारी कुत्र्याला वेगळे बांधा. त्याचे भांडे वेगळे ठेवा. खाऊ-पिऊ घालणाऱ्या एकाच माणसाने त्याच्याजवळ जावे. श्वान फ्ल्यू ठरला तर बरे वाटले तरी तीन आठवडे इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

७. खुराडे, भांडी, चपला साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. या विषाणूचे वरचे आवरण चरबीचे असते, साबणाने ते फुटते. थंडीच्या दिवसांत ओल्या विष्ठेत आणि पाण्यात तो बरेच दिवस टिकतो, म्हणून हिवाळ्यात जास्त दक्ष राहा.

८. गावातील चिकनच्या दुकानांची घाण उघड्यावर पडत असेल, तर ग्रामसभेत विषय काढा. एका घराने काळजी घेतली आणि गावाच्या कडेला रोज आतड्यांचा ढीग पडला, तर उपयोग काय?

लपवण्यात नुकसान कोणाचे?

आता मनातली गोष्ट बोलू. कळवायला माणूस का कचरतो, हे आम्हाला ठाऊक आहे. रोग ठरला की साधारण एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करतात. आपल्या जातात, शेजाऱ्याच्याही जातात. गावाचे नाव होते, अंडी विकली जात नाहीत. चार कोंबड्यांवर मीठ-मिरचीचा खर्च भागवणाऱ्या बाईला हे सोसणे सोपे नाही. ‘गुपचूप फेकून द्या, बोभाटा नको’ असे सांगणाराही कोणी तरी भेटतोच.

पण हिशेब नीट मांडून पाहा. सरकारी कारवाईत नष्ट केलेल्या कोंबड्या, अंडी आणि खाद्य यांची भरपाई नियमाप्रमाणे मिळते, अगदी परसातल्या चार कोंबड्यांचीही. जी आधीच मेली तिची मिळत नाही. म्हणजे जितका उशीर, तितक्या जास्त कोंबड्या फुकट गेल्या. शिवाय प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे असा रोग कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. आणि लपवलेली गोष्ट कुत्रा लपवत नाही. तो ती तोंडात धरून शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न: कुत्र्याला रेबीजची लस टोचली आहे. ती चालेल का?
उत्तर: नाही. ती पिसाळण्यावरची लस आहे आणि ती जरूर टोचावी. पण फ्ल्यूवर तिचा उपयोग नाही.

प्रश्न: कुत्र्याने मेलेली कोंबडी खाल्लीच. आता मारून टाकावे का?
उत्तर: मुळीच नाही. हाकलूही नका. हाकललेला कुत्रा गावभर फिरेल. त्याला सावलीत बांधा, पाणी द्या, दहा-बारा दिवस लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: कुत्र्यापासून आम्हाला रोग होईल का?
उत्तर: माणसाला बर्ड फ्ल्यू होतो तो मुख्यतः आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळण्यातून. तरी आजारी कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नये, हात धुवावेत. अशा संपर्कानंतर ताप-खोकला आला, तर सरकारी दवाखान्यात जाऊन कोंबड्यांची हकीकत सांगावी.

प्रश्न: मग आम्ही अंडी-कोंबडी खायची की नाही?
उत्तर: निरोगी कोंबडीचे मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खुशाल खा.

बंधू-भगिनींनो, विषाणू अडवण्याचे काम फक्त मोठ्या प्रयोगशाळांत होते असे नाही. ते उकिरड्याच्या कडेला, एका टोपलीभर चुन्याने आणि अर्ध्या तासाच्या खोदकामानेही होते. तुमच्या कुत्र्याने आजवर तुमच्या पिकाची आणि गोठ्याची राखण केली. त्याच्या तोंडाची राखण आता तुम्ही करा.

अधिक माहितीसाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, किंवा खुराड्याजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवा.